भिकनचे सहा श्वास

भिकन बागुलच्या डाव्या हाताची दोन बोटं सुरतेच्या बमरोलीतल्या एका लूमच्या कारखान्यात, लोखंडी सरकत्या दरवाजात गेली. शालिग्राम नावाच्या मुकादमाने दोन माणसांना भिकनचा हात चौकटीवर धरायला सांगितलं आणि तिसऱ्याला दरवाजा ओढायला. दरवाजा तीनदा ओढला. हे एक्क्याण्णव सालचं.

कारण असं होतं. लूमसाठी सुताची कांडी भरणारी एक बाई मशीनच्या उघड्या वायरीला चिकटून मेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस कारागिरांनी लूम चालू केले नाहीत. वायरी नीट होईपर्यंत आम्ही मशीनला हात लावणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते शालिग्रामला जाऊन सांगायचं काम भिकनवर आलं. शालिग्राम त्याच्याच मुलखातला, अमळनेरकडचा. दोघांच्या गावांत दोन कोसांचं अंतर. गावाकडून पोरं आणायची, त्यांना खोली बघून द्यायची, कोण कुणाचा साडू आणि कोण कुणाचा मेहुणा हे लक्षात ठेवायचं, आणि कुणी मान वर केली की ती खाली करायची, हा त्याचा धंदा. त्याने भिकनचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, लूमचा तुटलेला धागा कोणत्या हाताने गाठतोस म्हणून विचारलं, आणि भिकनने खरं ते सांगितलं.

मी तेव्हा सुरतेत एका ट्रस्टच्या दवाखान्यात भूल देणारी डॉक्टर होते. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून आलो होतो. भिकनला टेबलावर आणलं तेव्हा त्याच्या बोटांचं जे काही उरलं होतं ते ठेवण्यासारखं नव्हतं. मी हात बधिर केला, पण त्याला पूर्ण झोपवलं नाही. सर्जन हाड कापत होते आणि हा माणूस छताकडे बघत मला विचारत होता की डाव्या हाताने पिशवी उचलता येईल ना. मी येईल म्हटलं. 

लूमचं काम सुटलं. तीन बोटांनी धागा गाठायला जमत नाही. त्याच सुमारास ट्रस्टने कामरेजच्या हायवेवरच्या अपघातांसाठी एक मॅटाडोर घेतली होती आणि स्ट्रेचर उचलायला दणकट माणूस हवा होता. मी शब्द टाकला. अशा रीतीने भिकन ॲम्ब्युलन्सवर आला, रमणभाई ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर.

पहिल्या वर्षी तो फक्त उचलायचा. ट्रकखाली अर्धा गेलेला माणूस, केबिनच्या पत्र्यात अडकलेला क्लीनर, शेतातल्या विहिरीवर भावाने कोयत्याने तोडलेला भाऊ. हायवे रोज काही ना काही देत होता. भिकनला रक्ताची भीती वाटत नसे, पण तो दगडही झाला नव्हता. घरी गोडादऱ्याला गेल्यावर अंगणातल्या नळाखाली बराच वेळ बसायचा, असं त्याची बायको सरलाबाई सांगायची. मग हळूहळू तो विचारायला लागला. ही नळी घशात कुठे जाते, दोन वाटा आहेत तर चुकीच्या वाटेने गेली तर काय होतं. मी त्याला कागदावर काढून दाखवलं. एक वाट फुप्फुसाला, एक पोटाला. पोटात नळी गेली आणि आपण हवेची पिशवी दाबत राहिलो, तर माणूस आपल्या हातात, आपल्या डोळ्यांदेखत गुदमरून मरतो आणि आपल्याला वाटत राहतं की आपण त्याला श्वास देतोय. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी, अर्धं शहर पळालं तेव्हा तो गेला नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात माझे एक सहकारी परदेशातून आले आणि त्यांनी दोन डझन छोट्या पारदर्शक डब्या आणल्या. घशातली नळी आणि दाबायची पिशवी यांच्यामध्ये ही डबी बसते. आत एक रसायन लावलेला कागद असतो, जांभळा. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो कागदाला लागला की कागद पिवळा होतो, आणि श्वास आत घेतला की परत जांभळा. म्हणजे नळी फुप्फुसात असेल तर दर श्वासाला रंग बदलत राहतो. पोटात असेल तर कागद जांभळाच राहतो. चालत्या गाडीत, हॉर्नच्या गोंगाटात स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही, तिथे डोळ्यांना दिसणारी ही एकच खूण.

मी त्या ॲम्ब्युलन्समध्ये ठेवल्या आणि डॉक्टरांबरोबर भिकनलाही वापरायला शिकवल्या. डॉक्टरचं लक्ष जखमेवर, सलाइनवर, दहा गोष्टींवर असतं. डबी बघायचं काम मी त्याला दिलं.

एक गोष्ट मात्र तो मी स्वतः गाडीवर असताना शिकला. कामरेजजवळ एका ट्रकने टेम्पो चिरडला होता. टेम्पोच्या ड्रायव्हरच्या घशात मी नळी घातली, पिशवी दाबली, कागद पिवळट झाला. मला हायसं वाटलं. भिकन म्हणाला, मॅडम, परत जांभळा झाला आणि तसाच राहिला. मी बघितलं तर खरंच होतं. नळी पोटात होती. त्या माणसाने धाब्यावर नुकताच सोडा प्यायला होता, पोटातल्या त्या गॅसने दोन श्वास कागदाला फसवलं होतं. मी नळी काढून पुन्हा घातली आणि तो माणूस जगला. तेव्हापासून भिकन सहा श्वास मोजायचा. सहाव्या श्वासाला रंग बदलत असेल तरच मान हलवायचा. दुसरी गोष्ट मी त्याला सांगितली होती: हृदय बंद पडलं असेल तर रक्त फुप्फुसापर्यंत पोचत नाही, मग नळी बरोबर असली तरी रंग येणार नाही. म्हणून आधी मानेवर बोट ठेवून नाडी बघायची. हेही त्याने पक्कं धरलं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत बमरोलीतून फोन आला. एका खोलीत लोटू नावाचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा कारागीर पालथा पडला होता. त्याने शालिग्रामच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कारखान्यात काम धरलं होतं. शालिग्रामने त्याला कारखान्यात कोंडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लूम चालू ठेवून, कमरेच्या पट्ट्याने बकलाच्या बाजूने मारलं होतं. पाठीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर कातडी राहिली नव्हती. दोन दिवस तो तसाच पडून होता. लघवी चहासारखी काळी. मार इतका बसला की फुटलेल्या स्नायूंनी किडन्या बंद पाडल्या होत्या.

गाडीत भिकन त्याच्या उशाशी बसला. लोटूने त्याला अहिराणीत सांगितलं, "शालिग्रामनी मारं माले." दोनदा सांगितलं, नाव घेऊन. दवाखान्यात पोचले तोवर शालिग्रामचा एक माणूस स्कूटरवरून पुढे येऊन उभा होता आणि त्याने नोंदणीच्या खिडकीवर सांगून टाकलं होतं की जिन्यावरून पडला. तेच कागदावर चढलं. भिकनने खिडकीवरच्या लोकांना खरं काय ते सांगितलं. त्याला सांगण्यात आलं की तुझं काम स्ट्रेचरचं आहे. लोटू दोन दिवसांनी गेला. पोलिसांनी जिनाच लिहून घेतला.

लोटूला बमरोलीतल्या लोकांनी गुरुवारी सकाळी अग्नी दिला. दुपारी तीनच्या सुमारास शालिग्राम दाढी करायला सलूनमध्ये बसलेला त्यांना सापडला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. मला ते आधी निखिलने सांगितलं आणि मग भिकनने, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता. निखिल आमच्याकडचा नवा डॉक्टर, सुरतेतच वाढलेला मराठी मुलगा, हुशार, थोडा तापट. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सवर त्याची पाळी होती.

सलूनवाल्याने शेजारच्या एसटीडीवरून फोन केला होता. गाडी पोचली तेव्हा शालिग्राम रस्त्याच्या कडेला गटारीत होता, गळ्यात अजून सलूनचं पांढरं कापड. शंभर-सव्वाशे माणसं. कुणाच्या हातात लूमचे लोखंडी दांडे, कुणाच्या हातात विटा. ते आळीपाळीने मारत होते. एकाने मारायचं, बाजूला व्हायचं, मग दुसऱ्याने. आरडाओरडा जवळजवळ नव्हता, असं निखिल म्हणाला. फक्त दांड्यांचे आवाज येत होते. त्याला सगळ्यात जास्त भीती त्या शांतपणाचीच वाटली.

भिकन स्ट्रेचर घेऊन मधे घुसला. बरेच जण त्याला ओळखत होते, त्याचा हात ओळखत होते, म्हणून वाट मिळाली. त्यांना वाटलं असणार की भिकनही मारायला आलाय. गटारीत वाकल्यावर त्याने चेहरा पाहिला. डावा डोळा बाहेर आलेला, जबडा मोडलेला, तोंडातून रक्ताचे बुडबुडे. तरी त्याने ओळखलं.  मग त्याने शालिग्रामच्या काखेत हात घातले.

माणूस उचलला जातोय हे लक्षात आल्यावर गर्दी बिथरली. स्ट्रेचर आत ढकलून दरवाजा लावेपर्यंत भिकनच्या पाठीत एक दांडा बसला. रमणभाईंनी गाडी सुरू केली, पण पुढे माणसं आडवी झाली होती. आता आवाज सुरू झाला. चारही बाजूंनी पत्र्यावर विटा आणि दांडे. मागची काच फुटली आणि तिच्यातून एक अर्धी वीट येऊन निखिलच्या खांद्याला लागली. काचेच्या त्या भोकातून भिकनला एक चेहरा दिसला. तो त्याच्या धाकट्या बहिणीचा, उज्ज्वलाचा, नवरा वाल्मिक. त्याच्या हातात दुसरी वीट होती. दोघांची नजरानजर झाली. वाल्मिकने वीट खाली टाकली नाही आणि मारलीही नाही.

शालिग्रामचा श्वास थांबत चालला होता. गाडी गदागदा हलत होती. निखिलने गुडघ्यांवर बसून, रक्त शोषून काढत, मोडलेल्या जबड्यातून नळी घातली. त्या परिस्थितीत ती कुणालाही कठीण गेली असती. त्याने डबी लावली, पिशवी भिकनच्या हातात दिली आणि स्वतः सलाइनकडे वळला.

भिकनने दाबली. एक. दोन. तीन. कागद जांभळा. चार, पाच, सहा. जांभळाच.

हे त्याने मला नंतर सांगितलं. म्हणाला, मॅडम, त्या वेळी गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं. डॉक्टरांना नाही, तुम्हाला नाही. मार इतका होता की कसा मेला म्हणून कुणी विचारलंही नसतं. बाहेर ते सगळे तेच मागत होते. मी आत बसून नुसता हात हलवत राहायचं होतं.

त्याने उजव्या हाताचं बोट शालिग्रामच्या मानेवर ठेवलं आणि सांगितलं की रंग येत नाही, नळी चुकली. निखिलने वळून न बघता सांगितलं की हृदय बंद पडलं असेल, अशात रंग येत नाही, मला शिकवू नकोस.

"नाडी चालू आहे, डॉक्टर," भिकन म्हणाला. "माझं बोट तिच्यावर आहे."

निखिलने स्टेथोस्कोप लावला. पत्र्यावरच्या माराशिवाय त्याला काहीही ऐकू येईना. त्याला स्वतःच्या कामावर विश्वास होता आणि त्याला मरायची भीती वाटत होती, हे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं. भिकनने पुन्हा सांगितलं. निखिलने त्याच्या कानाखाली मारली आणि दाबत राहा म्हणून ओरडला. शालिग्रामचं पोट फुगायला लागलं होतं, ओठ निळे पडत होते. भिकनच्या तोंडून मग त्याची घरची भाषा निघाली.

"रंग उना नही," तो म्हणाला, आणि त्याने नळी ओढून काढली.

निखिलने त्याचा गळा धरला. तेवढ्यात भिकनने मास्क शालिग्रामच्या तोंडावर दाबून धरला होता. डाव्या हाताला पकड नव्हती म्हणून तो तळहाताने, सगळा भार देऊन दाबत होता. त्याने पिशवी निखिलकडे सरकवली आणि मान नुसती तिच्याकडे हलवली. निखिलने गळा सोडला आणि पिशवी दाबली. छाती वर आली. डबी मास्क आणि पिशवीच्या मध्ये होती. पहिल्या श्वासाला कागद मळकट झाला. तिसऱ्याला पिवळा. मग जांभळा, मग पिवळा. भिकनने सहापर्यंत मोजलं आणि मान हलवली. निखिल रडत होता, हे त्याने मला सांगितलं नाही. भिकनने सांगितलं, आणि तेही चांगल्या अर्थाने.

रमणभाईंनी शेवटी गाडी उलटी घेतली, गटारीवरच्या फरशीवरून, आणि निघाले.  दवाखान्यात मी नळी घातली.

शालिग्राम जगला. एक डोळा गेला, बोलणं अडखळत झालं, उजवा पाय ओढत चालायला लागला. पण डोकं शाबूत होतं. शुद्धीवर आल्यावर पाचव्या दिवशी त्याने पोलिसांना सात नावं सांगितली. त्यात वाल्मिक होता. वाल्मिकला कारखान्यातून, अंगावर सुताची धूळ तशीच, उचलून नेलं.

गोडादऱ्यात भिकनचं घर एका आठवड्यात एकटं पडलं. लोक त्याला मारत नव्हते, शिव्याही देत नव्हते. नळावर सरलाबाई आली की बाकीच्या बायका हंडे उचलून जात. उज्ज्वला भावाच्या दारात आली, आत आली नाही. तिने एकच विचारलं.

"तू त्याले कसाले वाचाडं?"

 भिकनने मला नंतर सांगितलं ते असं. त्याला शालिग्रामची दया आली नव्हती. त्याला क्षमाही करायची नव्हती. समोर जांभळा रंग होता आणि तो पिवळा व्हायला हवा होता, त्यापलीकडे त्या वेळी त्याच्या डोक्यात काहीही नव्हतं. पण बहिणीला हे कसं सांगणार? सरलाबाई महिनाभर त्याला ताट वाढायची आणि उठून बाहेर जायची.

दीड वर्षाने खटला उभा राहिला. भिकन सरकारी साक्षीदार होता. आदल्या संध्याकाळी मी त्याला विचारलं की काय सांगणार. तुला गाडीतून काही दिसलं नाही असं म्हणालास तर कुणी दोष देणार नाही, हेही मी सुचवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली.

कोर्टात त्याने काच फुटल्याचं सांगितलं, वाल्मिकच्या हातात वीट पाहिल्याचं सांगितलं, आणि ती वीट त्याने मारलेली पाहिली नाही, हेही सांगितलं. सरकारी वकील खाली बसायला लागले तेव्हा तो पिंजऱ्यातून उतरला नाही. त्याने न्यायाधीशांना गुजरातीत विनंती केली की त्या आठवड्याचं अजून थोडं सांगायचं राहिलंय. वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी सांगू दिलं. मग त्याने लोटूची पाठ सांगितली. बकलाचे वळ किती इंचांचे होते, लघवीचा रंग कसा होता, लोटूने कुणाचं नाव किती वेळा घेतलं, आणि कागदावर जिना कुणाच्या सांगण्यावरून आला. मागच्या बाकावर शालिग्राम काठी धरून बसला होता. बोलणं संपेपर्यंत भिकनने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

वाल्मिकला दोन वर्षांची शिक्षा झाली. लोटूची फाइल पुन्हा उघडली. निखिलने लोटूला तपासून त्या वेळी लिहिलेल्या जखमांच्या टिपणाची प्रत दिली, आणि तेरा महिन्यांनी शालिग्रामला त्याच काठीसह जीपमध्ये बसवलं. त्या दिवशी बमरोलीतले कारखाने दुपारपर्यंत बंद राहिले. भिकनकडे तरीही कुणी आलं नाही.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये, शिक्षेत सूट मिळून, वाल्मिक सुटला. तो तुरुंगातून सरळ गोडादऱ्याला आला. भिकन ओट्यावर बसला होता. वाल्मिकने सगळ्या गल्लीसमोर त्याच्या तोंडावर मुठीने मारलं. नाक फुटलं. भिकन उठून उभा राहिला आणि त्याने हात वर केला नाही. वाल्मिकने दुसऱ्यांदा मारलं, ते हलकं होतं. सरलाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने आधी वाल्मिकच्या हातावर पाणी घातलं आणि मग नवऱ्याच्या नाकावर ओला पदर धरला. वाल्मिक जेवायला थांबला नाही.

पुढच्या महिन्यात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. खानदेशात लेकी अखाजीला माहेरी येतात. सरलाबाईने निंबाच्या फांदीला झोक्याचा दोर बांधला, सांजोऱ्या केल्या, आणि संध्याकाळी कुणी येणार नाही असं धरून चूल विझवायला घेतली. तेव्हा उज्ज्वला आली, पिशवी हातात घेऊन, एकटीच. भावाशी ती फारसं बोलली नाही. दोन दिवस राहिली, झोक्यावर बसली नाही, पण निघताना सांजोऱ्यांचा डबा घेऊन गेली. वाल्मिकला आवडतात म्हणाली.